जोशुआ स्लोकम

जोशुआ स्लोकम (२० फेब्रुवारी १८४४ – नोव्हेंबर १९०९ मध्ये समुद्रात बेपत्ता) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन दर्यावर्दी, जहाजबांधणी करणारे कारागीर आणि लेखक होते. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली व्यक्ती म्हणून ते ओळखले जातात. २४ एप्रिल १८९५ रोजी त्यांनी 'स्प्रे' ही नौका बोस्टनहून हाकारली आणि सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास करून २७ जून १८९८ रोजी ते ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे पोहोचले. या सफरीवरील 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड' हे त्यांचे पुस्तक प्रवासवर्णनाच्या प्रांतात अभिजात मानले जाते.

स्लोकम यांची कीर्ती या तीन वर्षांच्या सफरीवर उभी आहे. मात्र त्या सफरीचा पाया समुद्रावर नव्हे, तर मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन या गावाच्या एका कुरणात घातला गेला. तेथे त्यांनी एका मोडकळीस आलेल्या नौकेचा जवळजवळ प्रत्येक लाकडी भाग स्वतःच्या हाताने नव्याने घडवला. त्यामुळे त्यांच्या चरित्रात या पूर्वतयारीला सफरीइतकेच महत्त्व आहे.

बालपण

स्लोकम यांचा जन्म नोव्हा स्कॉशियातील माउंट हॅनली या गावी, फंडीच्या उपसागराजवळील एका शेतकरी कुटुंबात झाला. अकरा भावंडांमध्ये त्यांचा क्रमांक पाचवा होता. ते आठ वर्षांचे असताना कुटुंब ब्रायर बेटावरील वेस्टपोर्ट येथे राहावयास गेले. आईचे वडील त्या बेटावरील दीपगृहाचे रखवालदार होते. वडिलांनी तेथे कोळ्यांसाठी कातडी बूट तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला आणि लवकरच मुलाला शाळेतून काढून या कामाला जुंपले. खारट पाण्यात भिजवलेल्या कातड्याच्या वासात दिवसभर बसून राहणे त्या मुलाला असह्य होत असे.

वडील कडक शिस्तीचे होते. घराच्या तळघरात लपून जोशुआ लाकडाचे एक छोटे जहाज तयार करत असल्याचे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी ते हिसकावून फोडून टाकले. समुद्रावरील आयुष्याची घरात केलेली ही त्यांची पहिली तयारी म्हणता येईल. चौदाव्या वर्षी ते घरातून पळून एका मच्छीमार जहाजावर स्वयंपाक्या म्हणून लागले. पण तेथे टिकाव न लागल्याने त्यांना परत यावे लागले. १८६० मध्ये आईचे निधन झाले. तिच्याखेरीज घरात धरून ठेवणारे दुसरे काही नव्हते. त्याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी एका मित्रासह घर सोडले आणि हॅलिफॅक्सहून डब्लिनकडे जाणाऱ्या व्यापारी जहाजावर साधा खलाशी म्हणून नोकरी पत्करली.

व्यापारी जहाजांवरील कारकीर्द

लिव्हरपूलहून चीनकडे निघालेल्या 'टँजिअर' या ब्रिटिश जहाजावर त्यांनी पूर्वेकडील समुद्र प्रथम पाहिला. बटाव्हिया, मनिला, हाँगकाँग, सायगाव आणि सिंगापूर ही बंदरे त्यांना पुढील काही वर्षांत परिचयाची झाली. शालेय शिक्षण फारसे झालेले नसताना त्यांनी जहाजावरील मोकळ्या वेळात गणित आणि नौकानयनशास्त्राचा अभ्यास केला व अठराव्या वर्षी ब्रिटिश व्यापार मंडळाचे सेकंड मेटचे प्रमाणपत्र मिळवले. १८६५ च्या सुमारास ते सॅन फ्रान्सिस्को येथे स्थायिक झाले आणि त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. १८६९ मध्ये 'वॉशिंग्टन' या जहाजाचे कप्तानपद त्यांच्याकडे आले.

या जहाजासह सिडनीला गेले असता तेथे ३१ जानेवारी १८७१ रोजी व्हर्जिनिया अल्बर्टिना वॉकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील तेरा वर्षे या दांपत्याचे घर म्हणजे जहाजच होते. त्यांना सात अपत्ये झाली; त्यांपैकी व्हिक्टर, बेंजामिन एमार, जेसी आणि गारफिल्ड ही चार जगली. व्हर्जिनिया यांनी मुलांचे शिक्षण जहाजावरच केले. 'वॉशिंग्टन' अलास्काच्या किनाऱ्यावर फुटल्यावर स्लोकम यांनी पत्नी, खलाशी आणि पकडलेले सामन मासे असे सर्व काही सुखरूप परत आणले, यामुळे मालकांचा त्यांच्यावरील विश्वास वाढला.

१८७४ मध्ये 'बेंजामिन एमार' हे त्यांच्या ताब्यातील जहाज मालकांनी मनिलात विकून टाकले आणि कुटुंब तेथेच अडकून पडले. स्लोकम यांनी फिलिपिन्समधील सुबिक उपसागराच्या काठी एका ब्रिटिश व्यावसायिकासाठी १५० टनांच्या आगबोटीची बांधणी केली. मोबदल्याचा काही भाग म्हणून त्यांना 'पाटो' नावाचे लहान शिडाचे जहाज मिळाले. जंगलातून लाकूड आणून किनाऱ्यावर जहाज उभे करण्याचा हा अनुभव पुढे फार उपयोगी पडला. त्यानंतर 'ॲमेथिस्ट', 'नॉर्दर्न लाइट' आणि 'ॲक्विडनेक' ही जहाजे त्यांच्याकडे आली. यांपैकी 'नॉर्दर्न लाइट' हे सर्वांत भव्य होते. ते त्यांच्या भरभराटीचे दिवस होते.

२५ जुलै १८८४ रोजी ब्वेनोस आइरेस येथे व्हर्जिनिया यांचे निधन झाले. त्यांच्या जाण्याने स्लोकम यांच्या जीवनातील स्थैर्य संपले. १८८६ मध्ये त्यांनी आपल्या नात्यातील हेन्रिएटा एलियट यांच्याशी दुसरा विवाह केला आणि तिच्यासह व दोन मुलांसह 'ॲक्विडनेक'वरून दक्षिण अमेरिकेकडे प्रयाण केले. या फेरीत पटकी, देवी आणि खलाशांचे बंड अशी संकटे एकामागून एक आली. डिसेंबर १८८७ मध्ये ब्राझीलच्या पारानाग्वा उपसागरात जहाज वाळूच्या दांड्यावर चढून फुटले. जहाजाचा विमा नव्हता. आयुष्यभराची पुंजी त्या वाळूत गेली.

लिबेर्दादे

परतीच्या प्रवासासाठी दुसऱ्याच्या जहाजावर उतारू होऊन जाणे स्लोकम यांना मान्य नव्हते. फुटलेल्या जहाजातून वाचवलेले सामान आणि आसपासच्या रानातील लाकूड वापरून त्यांनी पत्नी व मुलांच्या मदतीने ३५ फूट लांबीची एक नौका बांधली. तिचा आकार न्यू इंग्लंडमधील मच्छीमार होडी आणि जपानी सांपान यांच्या मिश्रणातून ठरवला होता. शिडे मात्र चिनी जंकच्या पद्धतीची होती. एकटा माणूस ती सहज सांभाळू शकतो, हे त्यांनी पूर्वेकडील समुद्रात पाहिले होते. शिडे शिवण्याचे काम हेन्रिएटा यांनी केले. त्या शिवणकामात निष्णात होत्या. १३ मे १८८८ रोजी, ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली त्याच दिवशी, नौका पाण्यात सोडण्यात आली म्हणून तिचे नाव 'लिबेर्दादे', म्हणजे स्वातंत्र्य, असे ठेवले गेले.

सुमारे ५,५०० मैलांचे अंतर कापून चौघांचे हे कुटुंब दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याला लागले. लहान नौका मोठ्या समुद्रात टिकते, इतकेच नव्हे तर ती घरच्या घरी बांधता येते, याचा पुरावा स्लोकम यांना या प्रवासात मिळाला. हेन्रिएटा यांना मात्र वेगळाच धडा मिळाला होता. त्यानंतर पुन्हा दूरच्या समुद्रावर जाण्यास त्यांनी ठाम नकार दिला. या प्रवासावरील 'व्हॉयेज ऑफ द लिबेर्दादे' हे पुस्तक १८९० मध्ये प्रसिद्ध झाले, पण त्याची विक्री अल्प झाली.

बेकारीची वर्षे

स्लोकम बोस्टनला परतले तेव्हा शिडाच्या व्यापारी जहाजांचे युग मावळले होते. मालवाहतूक आगबोटींकडे गेली होती आणि जुनी जहाजे शिडे उतरवून कोळसा वाहून नेण्यासाठी वापरली जात होती. जग पालथे घातलेल्या कप्तानाला जहाज मिळत नव्हते. गोदीत सुताराचे काम करायचे तर संघटनेची पन्नास डॉलर वर्गणी आधी भरावी लागे. पत्नी नातेवाइकांकडे राहत होती. मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली होती. पन्नाशीला टेकलेल्या या माणसाला आगबोटीवर कनिष्ठ नोकरी पत्करणे शक्य होते. तो पर्याय त्यांनी स्वीकारला नाही.

१८९२ मध्ये एबेन पिअर्स या देवमाशांच्या शिकारीत आयुष्य घालवलेल्या मित्राने त्यांना एक जहाज देऊ केले. मात्र त्याची थोडी डागडुजी करावी लागेल, असेही सांगितले. स्लोकम दुसऱ्या दिवशी फेअरहेवनला पोहोचले तेव्हा त्यांना समुद्रापासून दूर, एका कुरणात टेकू देऊन उभी केलेली 'स्प्रे' दिसली. कालवे काढण्यासाठी एकेकाळी वापरली गेलेली ही नौका सात वर्षे शिडाच्या कापडाखाली झाकून पडली होती. ती इसवी सन १ मध्ये बांधली असावी अशी गावात थट्टा होत असे. मित्राने स्लोकम यांची गंमत केली होती. ती थट्टा त्यांनी गांभीर्याने घेतली.

स्प्रेची पुनर्बांधणी

गावकऱ्यांचा प्रथम समज झाला की आलेला माणूस नौका मोडून तिचे लाकूड विकणार आहे. ती पुन्हा बांधायची आहे असे कळल्यावर यातून पैसे सुटतील का, हा प्रश्न स्लोकम यांना पुढील वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्यांकडून ऐकावा लागला.

बांधणीची सुरुवात कुऱ्हाडीने झाली. जवळच उभा असलेला एक भक्कम ओक वृक्ष तोडून त्यांनी नौकेच्या तळाचा कणा घडवला. शेजारच्या एका शेतकऱ्याने थोड्या पैशांत हे ओंडके आणि सांगाड्यासाठी लागणारे इतर लाकूड बैलगाडीने आणून टाकले. बरगड्यांसाठी ओकची सरळसोट कोवळी खोडे निवडली होती. पाण्याच्या भांड्याला जोडलेल्या लाकडी पेटीत ती वाफवून मऊ केली जात, मग ओंडक्यावर वाकवून घट्ट बांधून ठेवली जात. थंड झाल्यावर बाक कायम राहत असे. कुरणात एकटे वाढलेले ओक जंगलातील ओकपेक्षा चिवट असते, म्हणून नाळेसाठी अशाच झाडाचा बुंधा वापरला. पुढे कीलिंग बेटांजवळ ही नाळ एका प्रवाळाच्या थरावर आदळली. प्रवाळ दुभंगले आणि नाळेवर ओरखडाही उमटला नाही.

फेअरहेवनच्या समोर, पुलापलीकडे न्यू बेडफर्ड हे देवमाशांच्या शिकारीचे जुने केंद्र होते. तेथील निवृत्त कप्तान काम पाहण्यास रोज चालत येत. असा एखादा पाहुणा दिसला की स्लोकम वासला बाजूला ठेवून त्याच्याशी गप्पा मारत. नवी नाळ नव्या कण्याला जोडली गेली, त्या दिवशी या वृद्ध परीक्षकांनी तिला बर्फ फोडण्यास योग्य ठरवले. कामाला यामुळे उशीर होत असला, तरी या मंडळींचा अनुभव अन्य कोठे मिळणारा नव्हता.

सांगाड्यावर जॉर्जियातील पाइनच्या दीड इंच जाडीच्या फळ्या चढवण्यात आल्या. हे काम कंटाळवाणे होते, कारण प्रत्येक फळीचा आकार वेगळा. फळ्यांच्या आतील कडा इतक्या घट्ट बसवल्या होत्या की त्यांतून उजेड दिसत नसे. बाहेरची बाजू मात्र भराव घालण्यासाठी किंचित उघडी ठेवली होती. फळ्यांची टोके खिळ्यांऐवजी आरपार जाणाऱ्या नटबोल्टांनी जखडली. असे सुमारे एक हजार बोल्ट नौकेत लागले. खिळा लाकडात सैल होतो तसा बोल्ट होत नाही आणि झालाच तर तो पुन्हा आवळता येतो. एकट्या माणसाच्या नौकेत या गोष्टीला महत्त्व आहे.

त्यानंतर फटी बुजवण्याचे काम आले. हा स्वतंत्र कसब असलेला धंदा आहे आणि स्लोकम यांना तो जमणार नाही अशी अनेकांची खात्री होती. त्यांनी आधी फटीत कापूस ठोकून भरला व त्यावर जुने दोर उकलून काढलेले डांबरी तंतू बसवले. कापूस सरकून बाहेर येईल, असे बघ्यांपैकी अनेकांनी बजावले. त्यांत टोपलीत शिंपले घेऊन रस्त्याने जाणारा एक वाटसरूही होता. कापूस सरकला नाही. नौकेच्या तळाला तांबे मिसळलेल्या रंगाचे दोन थर देण्यात आले, कारण उष्ण कटिबंधातील पाण्यात लाकूड पोखरणारे किडे तळाचा नाश करतात. वरच्या भागाला पांढरा रंग दिला.

पुनर्बांधणीनंतर नौकेची एकूण लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच आणि आतील खोली ४ फूट २ इंच झाली. डेकवर दोन बुटक्या खोल्या होत्या: पुढे स्वयंपाकाची आणि मागे राहण्याची. दोन्ही डेकपासून सुमारे तीन फूट उंच आणि खाली पोटात उतरलेल्या, त्यामुळे आत उभे राहता येत असे. मागच्या खोलीत झोपण्याची जागा, पुस्तकांचे फळ्यांचे कप्पे आणि औषधांची पेटी होती. दोन्ही खोल्यांमधील डेकखालची जागा अनेक महिन्यांचे पाणी आणि खारवलेले मांस मावेल अशी होती.

तेरा महिन्यांची मेहनत वगळता या सर्व सामानाला ५५३.६२ डॉलर खर्च आला. मुळातील नौकेचा जवळपास एकही तुकडा शिल्लक नव्हता, तरीही स्लोकम यांनी नाव बदलले नाही. जुने जहाज संपून नवे केव्हा सुरू झाले, हे सांगणे कठीण असल्याचे त्यांचे मत होते. कायद्याच्या दृष्टीनेही, तुकड्यातुकड्याने बदललेले जहाज तेच राहते.

मधल्या काळातील प्रयत्न

नौका पाण्यात उतरली तेव्हा पृथ्वीप्रदक्षिणेचा बेत निश्चित झालेला नव्हता. स्लोकम यांनी एक हंगाम मासेमारी करून पाहिली, पण गळाला आमिष लावण्याचे साधे कौशल्य आपल्याकडे नाही असे त्यांना आढळले. दरम्यान १८९३ च्या अखेरीस 'डिस्ट्रॉयर' ही युद्धनौका न्यूयॉर्कहून ब्राझीलला पोहोचवण्याचे काम त्यांनी स्वीकारले. नौका पोहोचली, मोबदला मिळाला नाही. या अनुभवावरील पुस्तिका त्यांनी १८९४ मध्ये छापली. हातात पैसा नव्हता, पण स्वतःच्या मालकीची एक नौका होती. प्रवासातून वृत्तपत्रांना पत्रे पाठवून थोडी कमाई करावी, या हिशेबाने त्यांनी जगाभोवती जाण्याचे ठरवले.

सामान आणि शिधा

२४ एप्रिल १८९५ रोजी दुपारी ५१ वर्षांच्या स्लोकम यांनी बोस्टन सोडले, पण लगेच महासागर गाठला नाही. मच्छीमारांचे बंदर असलेल्या ग्लॉस्टर येथे ते सुमारे दोन आठवडे थांबले. तेथे त्यांना खारवलेला कॉड मासा, तेल, कंदील आणि तळासाठी रंग मिळाला; बराचसा तेथील लोकांनी भेट म्हणून दिला. किनाऱ्यावर जाण्यासाठी छोटी होडी हवी होती, परंतु पूर्ण होडी डेकवर मावत नव्हती आणि एकट्याने उचलता येत नव्हती. त्यांनी एक जुनी होडी मधोमध कापली व कापलेल्या टोकाला फळ्या ठोकल्या. ही अर्धी होडी डेकवर आडवी बसत असे. कपडे धुण्यासाठी आणि अंघोळीसाठीही तिचाच उपयोग होई.

पुढे ते लहानपणीच्या वेस्टपोर्टला गेले. तेथे जुन्या परिचितांच्या भेटी घेऊन त्यांनी नौकेची पुन्हा एकदा तपासणी केली. शेवटचा मुक्काम यार्मथ येथे झाला. लोणी, एक पिंप बटाटे आणि सहा पिंपे पाणी त्यांनी भरून घेतले. डेकवरील प्रत्येक वस्तू दोरांनी जखडली.

घड्याळाची गोष्ट या तयारीत वेगळी आहे. रेखांश काढण्यासाठी त्या काळी अचूक क्रोनोमीटर अपरिहार्य समजला जाई. स्लोकम यांच्याकडील जुना क्रोनोमीटर दुरुस्त करण्यासाठी पंधरा डॉलर लागणार होते. तो त्यांनी घरीच ठेवला आणि यार्मथमध्ये पत्र्याचे एक घड्याळ विकत घेतले. त्याची किंमत दीड डॉलर होती, पण तबकडी फुटलेली असल्याने ते एक डॉलरला मिळाले. चंद्र आणि इतर खस्थ पदार्थ यांमधील कोनीय अंतर मोजून रेखांश काढण्याची जुनी, किचकट पद्धत त्यांना तरुणपणापासून अवगत होती. ती तेव्हा बहुतेक कप्तान विसरले होते. हुआन फर्नांडेझ बेटे सोडल्यानंतर त्रेचाळिसाव्या दिवशी, मार्केझास बेटांजवळ, त्यांनी या पद्धतीने स्थान काढले. पहिले उत्तर अंदाजाशी मुळीच जुळेना. तेव्हा त्यांनी छापील कोष्टकेच तपासली आणि त्यांतील एका आकड्यातली चूक शोधून काढली. दुरुस्तीनंतरचे उत्तर वेग व दिशा यांवरून केलेल्या अंदाजापासून पाच मैलांच्या आत आले. पत्र्याच्या घड्याळाचा मिनिटकाटा पुढे गळून पडला. घड्याळ बंद पडले की ते उकळत्या पाण्यात बुडवून ते चालू करत.

पृथ्वीप्रदक्षिणा

जुलै १८९५ च्या आरंभी यार्मथ सोडून त्यांनी अमेरिकेचा किनारा मागे टाकला. अझोर्स बेटांवर मिळालेले प्लम व चीज एकत्र खाल्ल्याने त्यांना पोटदुखी झाली आणि तापाच्या ग्लानीत त्यांना कोलंबसच्या ताफ्यातील एक खलाशी सुकाणू धरून उभा असल्याचा भास झाला. शुद्धीवर आले तेव्हा नौका योग्य दिशेने चाललेली होती.

मूळ बेत भूमध्य समुद्र आणि सुएझमार्गे पूर्वेकडे जाण्याचा होता. त्या मार्गावर चाच्यांचा धोका असल्याचे जिब्राल्टर येथील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सांगितल्यामुळे त्यांनी दिशा उलट केली आणि पुन्हा अटलांटिक ओलांडून ब्राझील गाठले. फेब्रुवारी १८९६ मध्ये ते मॅगेलन सामुद्रधुनीत शिरले. पॅसिफिकमध्ये पोहोचताच वादळाने त्यांना दक्षिणेकडे ढकलले. रात्रीच्या अंधारात, फेसाळणाऱ्या खडकांच्या पट्ट्यातून ते कसेबसे सामुद्रधुनीत परतले. तेथील स्थानिकांकडून रात्री हल्ला होण्याची भीती होती. पुंता अरेनास येथे एका कप्तानाने दिलेले गालिच्याचे छोटे खिळे त्यांनी झोपण्यापूर्वी डेकवर पसरून ठेवले. अनवाणी आलेली माणसे ओरडत परत गेली. सामुद्रधुनीतच त्यांनी नौकेच्या मागील भागात दुसरी छोटी डोलकाठी बसवली.

स्प्रेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे सुकाणू बांधून ठेवले की ती आपोआप सरळ चालत असे. जून–जुलै १८९७ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळील थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतचे सुमारे २,७०० मैल त्यांनी २३ दिवसांत पार केले. त्या काळात त्यांना एकूण तीन तासही सुकाणूवर बसावे लागले नाही. उरलेला वेळ वाचन, स्वयंपाक आणि डागडुजीत जाई. हा गुण कितपत योजनापूर्वक आणला गेला होता आणि कितपत योगायोगाने आला, याविषयी नौकातज्ज्ञांत मतभेद आहेत. लांब, सरळ कणा हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते.

सामोआत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या पत्नी फॅनी यांनी त्यांना पतीच्या संग्रहातील सागरी मार्गदर्शिका भेट दिल्या. सिडनी, टास्मानिया, मॉरिशस, दर्बान आणि केप टाउन येथे व्याख्याने देऊन त्यांनी खर्च भागवला. दक्षिण आफ्रिकेत त्यांची गाठ ट्रान्सव्हालचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्याशी पडली. पृथ्वी सपाट असल्याची क्रूगर यांची श्रद्धा असल्याने जगाभोवती फिरण्याची कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. सेंट हेलेना येथे भेट मिळालेल्या बोकडाने वेस्ट इंडीजचा नकाशा खाऊन टाकला. त्याला पुढच्या मुक्कामी, असेन्शन बेटावर, उतरवण्यात आले.

८ मे १८९८ रोजी स्प्रेने आपली पूर्वीची वाट ओलांडली आणि प्रदक्षिणा पूर्ण झाली. २७ जूनच्या पहाटे ते न्यूपोर्टला पोहोचले. त्या वेळी स्पेनशी युद्ध सुरू असल्यामुळे त्यांच्या आगमनाची फारशी दखल घेतली गेली नाही. काही दिवसांनी ते नौका फेअरहेवनला घेऊन गेले व पाण्यात सोडताना ती ज्या खुंटाला बांधली होती, त्याच खुंटाला त्यांनी ती पुन्हा बांधली.

उत्तरायुष्य

सफरीचा वृत्तांत 'सेंच्युरी' मासिकात १८९९–१९०० मध्ये क्रमशः आणि १९०० मध्ये पुस्तकरूपाने आला. पुस्तक चांगले खपले. १९०१ च्या बफेलो येथील प्रदर्शनात स्प्रे प्रेक्षकांसाठी ठेवण्यात आली होती. मिळालेल्या पैशांतून स्लोकम यांनी मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतले, परंतु शेतीत त्यांचे मन रमले नाही. हिवाळा आला की ते एकटेच वेस्ट इंडीजकडे निघून जात. हेन्रिएटा शेतावर राहत.

१९०६ मध्ये न्यू जर्सीतील रिव्हर्टन येथे एका अल्पवयीन मुलीच्या तक्रारीवरून त्यांना अटक झाली. बलात्काराचा आरोप टिकला नाही; असभ्य वर्तनाच्या आरोपाला मात्र त्यांनी आव्हान दिले नाही. ४२ दिवस तुरुंगात काढल्यावर त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी त्यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची भेट घेतली.

शेवटच्या वर्षांत स्प्रेची देखभाल ढासळली होती, असे तिला पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे. ज्या माणसाने तिचा प्रत्येक बोल्ट आवळला होता, त्याच्याकडूनच हे घडले. ओरिनोको आणि ॲमेझॉन नद्यांचा प्रदेश पाहण्याच्या हेतूने ते नोव्हेंबर १९०९ मध्ये व्हिनयार्ड हेवन येथून निघाले. त्यानंतर ते किंवा त्यांची नौका पुन्हा कोणाला दिसली नाही. आगबोटीची धडक बसली असावी, असा एक तर्क आहे. स्लोकम यांना पोहता येत नव्हते. १९२४ मध्ये न्यायालयाने त्यांना कायदेशीररीत्या मृत घोषित केले.

स्प्रेच्या रचनेविषयी

सिप्रियानो आंद्राडे या अभियंत्याने १९०९ मध्ये स्प्रेच्या आराखड्याचे गणिती परीक्षण करून तिचा समतोल असाधारण असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे जॉन हॅना या नौकारचनाकाराने नेमका उलट इशारा दिला: रुंद व उथळ नौका सामान्य वाऱ्यात ताठ उभी राहते, परंतु ठरावीक मर्यादेपलीकडे कलल्यावर ती सावरत नाही. तरीही जगभर हौशी बांधकाम करणाऱ्यांनी स्प्रेच्या शेकडो प्रतिकृती बांधल्या आहेत.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे, ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये मुंबईस परतले. त्यांची 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका गोव्यातील दिवाडी बेटावर बांधली गेली होती आणि सफरीपूर्वीची वर्षे दोंदे यांनी तिच्या बांधणीवर देखरेख करण्यात घालवली होती.